पास क्लासची पदवी

‘पास क्लास’ हा शब्द आम्हा इंदूरकर मराठी घरांतून अजून हलक्या आवाजातच उच्चारला जातो. धाकट्या बहिणीला बी. ए.ला ४३ टक्के पडले आणि आत्याबाईंनी लगोलग स्थळांची वही काढली. तिला व्हायचे होते शिक्षिका, बी. एड.ला हवेत ५०. कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमालाही सर्वसाधारण गटात ४५ लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवांसाठी पदवीची श्रेणी विचारीत नाही, हे खरे. पण तिकडे तिचा ओढा नाही. मग नियम नीट वाचला. बी. एड.ला एम. ए.चे ५० टक्केही चालतात! इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात एम. ए.ला नुसती पदवी पुरते. इतिहासाचा अर्ज आम्ही कालच भरला. आत्याबाई अद्याप बोलत नाहीत.