काचेच्या भांड्यातला हिवाळा

कार्ल्याची थंडी विचित्र. पहाटे शाल लागते आणि दुपारी पंखा लावावासा वाटतो. आपण स्वेटर घालतो, काढतो. कासवाचं अंग मात्र भोवतालच्या पाण्याएवढंच थंड किंवा गरम होतं.

मागच्या डिसेंबरात सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, माझं कासव आठ दिवस खात नाही. झोपलंय का? अब्बू म्हणतात, इंद्रायणीत सोडून दे."

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, बाजारातून आणलेलं ते कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. तिथे तळ्यावर बर्फ धरतो, तेव्हा ते तळाशी जाऊन पडून राहतं. त्याआधीच खाणं थांबवून पोट रिकामं केलेलं असतं. हृदयाचे ठोके अगदी मंदावतात, त्यामुळे प्राणवायूही फार थोडा लागतो. त्या काळात रक्तात साचणारं आम्ल कवचातले क्षार सौम्य करतात. आपल्याकडचं फ्लॅपशेल कासव वेगळं. उन्हाळ्यात तळं आटलं की ते चिखलात गाडून घेतं. दोघांचाही आधार एकच: खोल पाणी आणि चिखल एकदम तापत नाहीत, एकदम गारही पडत नाहीत.

काचेच्या भांड्यातलं चार-पाच लिटर पाणी मात्र रात्रीत गार होतं आणि दुपारी कोमट. तिथे गाढ झोपण्याइतकी थंडी नसते आणि अन्न पचवण्याइतकी ऊबही नसते. पोटातलं अन्न कुजतं, प्रतिकारशक्ती घटते, फुप्फुसाला संसर्ग होतो. नाकातून बुडबुडे आले, कासव एका बाजूला कलून पोहू लागलं, तर ती झोप नव्हे, आजार आहे. लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं.

मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत असते. तिने मांजरीला खाऊ घातलं नाही आणि स्वतःचं भक्ष्य शोधायला सोडलंही नाही. मग कासव सोडून द्यावं का? स्लायडरच्या बाबतीत नाही. जगातल्या सर्वांत घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. नदीत सोडलं तर ते स्थानिक कासवांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतं. एका जीवावर दया करताना दुसऱ्यांचं घर मोडायचं, हा न्याय नव्हे.

ठेवायचंच असेल, तर मोठी टाकी हवी. पाण्यात हीटर आणि थर्मामीटर, पाणी 24 ते 28 अंशांवर स्थिर. वर चढून अंग शेकायला कोरडी जागा आणि दिवा. हे जमत नसेल, तर वन विभागाला 1926 वर फोन करून विचारावं. फ्लॅपशेल घरात ठेवणं तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: नदीतल्या कासवाचा हिवाळा अल्लाहने सांभाळलाय. तुझ्या टाकीतला हिवाळा तुला सांभाळावा लागेल.