चार वह्या, एक मोबाइल

सध्या माझ्या मोबाइलमध्ये नोट्सची चार अ‍ॅप्स आहेत. ऑफिसात कुणी नवं नाव घेतलं की लंच टाइममध्ये डाउनलोड करायचं, हा आमचा टाइमपास! पण या वेळी मामला सीरियस आहे. पंच्याहत्तरीची माझी आई हल्ली रोज रात्री फोनवर काहीतरी सांगते. आजोबांचं दुकान, पुरात वाहून गेलेली गोठ्याची भिंत, गोड्या मसाल्याचं प्रमाण. हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मग लिहून ठेवायचं कुठे?

गूगल कीप एकदम फटाफट. वाणसामानाची यादी, लाइट बिलाची आठवण, रंगीबेरंगी चिठ्ठ्या. पण आईची गोष्ट लांबली की फ्रिजवरच्या चिठ्ठीवर कादंबरी लिहिल्यासारखं वाटतं.

नोशन म्हणजे चकाचक मामला. तक्ते, टॅग, कव्हर फोटो. तासभर पान सजवलं, लिहिल्या दोन ओळी! टीमच्या प्रोजेक्टला मात्र झकास.

वननोट हा २००३ पासूनचा जुना भिडू. वही, विभाग, पानं, सगळं ओळखीचं. टॅबलेट असेल तर चक्क पेनने खरडा.

ऑब्सिडियन २०२० मध्ये आलं. दिसायला रूक्ष, पण प्रत्येक नोट साधी टेक्स्ट फाइल बनून आपल्याच मशीनवर राहते. उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी फाइल कुठेही उघडते. फक्त फोन आणि लॅपटॉप जुळवायची त्यांची सेवा विकतची आहे आणि बॅकअपची काळजी आपली आपणच घ्यायची.

एवढी चिकित्सा कशाला? तर एव्हरनोट आठवा. २००८ मध्ये आलेलं हे अ‍ॅप कित्येकांची दुसरी मेमरी होतं. डिसेंबर २०२३ मध्ये फुकट खात्याला ५० नोट्स आणि एका वहीची मर्यादा आली. जुन्या नोट्स शाबूत होत्या, पण मर्यादा ओलांडलेल्यांना नवी नोट काढता येईना. शेवटी धंदा आहे, नियम बदलणारच.

म्हणून माझी वाटणी ठरली. यादी कीपमध्ये, आईच्या गोष्टी ऑब्सिडियनमध्ये आणि महिन्याला एक प्रिंटआउट.

तुम्हीही निवडताना फीचर्स मोजत बसू नका. दहा नोट्स लिहा, एक्स्पोर्ट करा आणि दुसऱ्याच मशीनवर उघडून बघा. जोडाक्षरं, तारखा, फोटो जागच्या जागी आहेत? मग बिनधास्त लिहा. नसतील तर ती वही तुमची नाही, बॉस!