कमिशन म्हणजे पगारच

चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून कामगाराला काढलं, तर कामगार न्यायालय कुठे आहे हे त्याला सांगावं लागत नाही. पण त्याच वसाहतीत टपरी ते टपरी फिरून पैसे गोळा करणारा पिग्मी एजंट, फायनान्स कंपनीचा वसुलीवाला, बँकेतला ‘असिस्टंट मॅनेजर’ यांची गोष्ट वेगळी. काम गेलं की ते येऊन विचारतात, “वकीलसाहेब, आम्ही कुठले ओ कामगार?” वित्तसंस्थेविरुद्धचा दावा बहुधा याच प्रश्नावर तरतो किंवा बुडतो.

पिग्मी ही मूळची सिंडिकेट बँकेची, १९२८ची रोजच्या बचतीची योजना. पैसे गोळा करणारा नोकर नाही, एजंट आहे. त्याला ठरलेली वेळ नाही, पगार नाही, तो इतर धंदाही करू शकतो, असं बँकांचं म्हणणं. हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने १९८८मध्ये ते फेटाळलं. बँका वर लढत गेल्या आणि २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. कमिशन म्हणजे कामाच्या प्रमाणात मिळणारं वेतनच, आणि या माणसांवर बँकेचं नियंत्रण आहे, असं न्यायालय म्हणालं. किमान मोबदला, प्रवासभत्ता, ग्रॅच्युइटी पदरात पडली. बँकेच्या कायम नोकरीत सामावून घेणं मात्र नाही. माझ्या मते हा अर्धाच न्याय, पण उरलेला अर्धा मागायला पाय रोवण्यापुरती जमीन त्याने दिली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातल्या सिप्ला खटल्याने एक दार अरुंदही केलं. आपल्या राज्याचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१चा एमआरटीयू-पल्प कायदा कामगाराला थेट न्यायालयात नेतो. पण मालक-नोकर हे नातंच संस्थेने नाकारलं, तर तिथली तक्रार टिकत नाही. ते नातं आधी औद्योगिक विवादाच्या वाटेने सिद्ध करावं लागतं. म्हणून पतसंस्थेचा वकील पहिल्याच तारखेला आयकराचा १६-ए फॉर्म पुढे करतो: बघा, ‘कमिशन’ लिहिलंय! मग नेमलं कोणी, हिशेब कोण तपासायचं, रजा कोणाला विचारून घ्यायची, याचे कागद आपल्याला काढावे लागतात.

हुद्द्याला भुलू नये. कामाचं मुख्य स्वरूप बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये सीबा-गायगीच्या खटल्यात सांगितलं आहे. नावाचा मॅनेजर दिवसभर फॉर्म भरत असेल, तर तो कामगार ठरू शकतो. खराखुरा व्यवस्थापक असेल, तर दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागायची. गेलेली खुर्ची सहसा परत मिळत नाही.

दरवाजाही नीट निवडावा. अनेक राज्यांत शाखा असलेल्या बँकेचा वाद केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातो, तर जिल्ह्यातली सहकारी बँक, पतसंस्था, खासगी फायनान्स कंपनी यांचा राज्याच्या. सहकार न्यायालयात नोकरीचा औद्योगिक वाद चालत नाही, तरी लोक तिकडे वर्ष घालवतात. पल्पची तक्रार ९० दिवसांत करायची असते. बडतर्फीच्या वादाला पूर्वी तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती दोनवर आणली.

सगळ्यात अवघड प्रकरण ‘स्वखुशीच्या’ राजीनाम्याचं. वसुलीत तूट आली की केबिनमध्ये बसवून तो लिहून घेतात. जबरदस्ती झाली हे सिद्ध करायचं ओझं मग लिहिणाऱ्यावर येतं. दुसऱ्याच दिवशी ईमेल आणि नोंदणीकृत पोस्टाने राजीनामा मागे घेतल्याचं कळवलेलं असेल, तर मी फाईल हातात घेतो. सहा महिन्यांनी आलेल्याला आधी विचारतो, इतके दिवस गप्प का बसलात? उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार असतो.