काटा आधी तपासा, मग माल मोजा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आम्हा चौघांच्या गटाला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायचं होतं. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनची निळसर रेघ दिसते, चुंबकीय क्षेत्र लावलं की तिचं वर्तुळ होतं. वर्तुळाची त्रिज्या मोजायची, व्होल्टेज वाचायचं आणि सूत्रात आकडे घालायचे. पुस्तकातलं उत्तर १.७६ गुणिले दहाचा अकरावा घात, कूलंब प्रति किलो. आमचं आलं २.३. तीनदा केलं, तीनदा तेच.

सरांनी जर्नलवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "तुमच्या हाताला प्रयोग जमत नाही." शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी पुस्तकातल्या उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग लिहिली होती. त्यांना पूर्ण मार्क मिळाले. आम्ही चौघंही घरातली पहिली पदवी घेणारी मुलं. सरांचं ते वाक्य मार्कांपेक्षा जास्त दिवस आमच्यासोबत राहिलं.

आठवडाभराने आम्ही ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडून मल्टिमीटर मागून आणला आणि त्या सेटवर लावला. प्रयोगशाळेचा व्होल्टमीटर २४० दाखवत होता तेव्हा प्रत्यक्षात २०० व्होल्ट होते. दुरुस्ती करून पुन्हा गणित केलं तेव्हा उत्तर १.९ आलं. म्हणजे मोठी चूक मीटरची होती. पण सगळी नव्हती. उरलेली चूक आमची होती: पट्टीवर नजर तिरकी ठेवून त्रिज्या वाचली होती. पाच सेंटिमीटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरक पडला, सूत्रात त्रिज्येचा वर्ग असल्यामुळे तो दुप्पट झाला.

ही गोष्ट आज सांगण्याचं कारण शनी ग्रहाकडे गेलेलं एक यंत्र आहे. आमच्या टेबलावर जे घडलं ते तिथेही घडलं. फरक एवढाच की तिथल्या माणसांनी ते लपवलं नाही.

कॅसिनी यान १५ ऑक्टोबर १९९७ ला पृथ्वीवरून निघालं, २००४ मध्ये शनीपाशी पोहोचलं आणि १५ सप्टेंबर २०१७ ला शनीच्या वातावरणात शिरून संपलं. त्यावर आयएनएमएस नावाचा मास स्पेक्ट्रोमीटर होता. तो आयन आणि साधे, विद्युतभार नसलेले रेणू दोन्ही मोजायचा. आमच्या प्रॅक्टिकलमधल्या त्या निळ्या रेघेचाच हा वंशज. तत्त्व तेच: विद्युतभार असलेला कण विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात कसा वागतो, यावरून त्याचं वस्तुमान ओळखायचं. आयएनएमएसमध्ये चार दांड्या होत्या. त्यांच्यावरचं व्होल्टेज बदललं की ठरावीक वस्तुमानाचे आयनच मधून पार जायचे, बाकीचे बाहेर फेकले जायचे. पलीकडे पोहोचलेल्या आयनांची मोजणी व्हायची, आणि ही मोजणी वस्तुमान ९९ पर्यंत जायची.

आता मोजणी हातात आली. २८ या जागी हजार आयन मोजले गेले. याचा अर्थ काय? नुसत्या आकड्याचा काहीच अर्थ नाही. शनीचा उपग्रह टायटन याच्या वातावरणातले साधे रेणू मोजताना २८ म्हणजे मुख्यतः नायट्रोजन. त्याच टायटनचे आयन थेट मोजायला घेतले, तर २८ ला सगळ्यात उंच शिखर येतं ते हायड्रोजन, कार्बन आणि नायट्रोजनच्या एका वेगळ्याच आयनाचं. शिवाय हजार मोजले म्हणजे बाहेर किती होते? दहा हजार की दहा लाख? याचं उत्तर देणाऱ्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. रेशन दुकानाचा काटा वजनमापवाले ठरावीक वजनं ठेवून तपासतात आणि शिक्का मारतात, तसंच हे काम. निर्वात पेटीत यंत्र ठेवायचं, माहीत असलेला वायू माहीत असलेल्या दाबाने सोडायचा, माहीत असलेल्या ऊर्जेच्या आयनांचा झोत वेगवेगळ्या कोनांतून मारायचा, आणि यंत्र काय दाखवतं ते लिहून ठेवायचं.

पण काट्यावर ठेवायला टायटनचं वातावरण आणायचं कुठून? कॅसिनी टायटनजवळून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जायचं. त्या वेगाने समोरून येणाऱ्या नायट्रोजनच्या आयनाची ऊर्जा जेमतेम ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. इतक्या मंद आयनांचा स्थिर झोत प्रयोगशाळेत तयार करणं अवघड असतं. यानावर साचलेला एखाद-दुसऱ्या व्होल्टचा भार किंवा टायटनच्या वरच्या थरातला वारा एवढ्यानेही हे आयन वाटेवरून ढळतात. म्हणून पृथ्वीवर मारलेला शिक्का तिथे पुरा पडत नाही. तपासणी चालू ठेवावी लागते.

ती चालू ठेवल्यामुळेच पुढची गोष्ट बाहेर आली. टायटनच्या वातावरणाची घनता आयएनएमएस जी सांगत होता, त्यापेक्षा दुसरे साक्षीदार जास्त सांगत होते. वातावरणाच्या घर्षणाने यान कलू नये म्हणून त्याच्या छोट्या इंजिनांना किती जोर लावावा लागला, यावरून घनतेचा अंदाज येत होता. १४ जानेवारी २००५ ला टायटनवर उतरलेल्या हायगेन्स यानाच्या उपकरणांचीही मापं होती. ही मापं एका बाजूला, आयएनएमएस दुसऱ्या बाजूला. शेवटी २०१५ मध्ये यंत्राच्या संवेदनशीलतेचं गणित नव्याने मांडून प्रसिद्ध झालं. त्याचा निष्कर्ष असा: आयएनएमएसच्या घनतेला सुमारे २.२ ने गुणायला हवं. इतकी वर्षं काटा निम्म्याहून कमी दाखवत होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यंत्र जगातल्या उत्तम प्रयोगशाळांतून गेलेलं होतं, तरी कोणी "एवढ्या मोठ्या संस्थेचं यंत्र चुकेल कसं" असं म्हणून विषय मिटवला नाही. आणि २.२ हा आकडा कोणाला आवडला म्हणूनही आला नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरही उत्तर जुळवलंच होतं. पण तिथे आधी उत्तर ठरलं आणि मग रीडिंग आली. इथे स्वतंत्र साक्षी जमल्या, यंत्राच्या आतला रस्ता पुन्हा तपासला गेला, आणि दुरुस्तीत चूक किती असू शकते तेही सोबत लिहिलं गेलं. जुळवाजुळव आणि दुरुस्ती यांत हा फरक आहे, आणि तो ओळखता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. शनीचा आणखी एक उपग्रह आहे एन्सेलॅडस. बर्फाच्या कवचाखाली तिथे समुद्र आहे, आणि भेगांमधून वाफेचे फवारे बाहेर पडतात. आधीच्या वेगवान फेऱ्यांत आयएनएमएसला त्या फवाऱ्यांत हायड्रोजन वायू दिसला होता. ही लहान बातमी नव्हती. समुद्राच्या तळाशी गरम पाणी आणि खडक यांच्या क्रियेतून हायड्रोजन तयार होत असेल, तर तो सूक्ष्मजीवांचं अन्न ठरू शकतो. पृथ्वीच्या समुद्रतळाशी त्यावर जगणारे जीव आहेत.

पण शास्त्रज्ञांनी स्वतःच्या यंत्राकडे बोट केलं. वायू ज्या छोट्या गोल कोठडीतून आत जायचा तिच्या भिंती टायटॅनियमच्या होत्या. बर्फाचे कण प्रचंड वेगाने भिंतीवर आदळले की टायटॅनियमचा ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि पाण्याशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. म्हणजे जे शोधायला गेलो ते यंत्रच तयार करत असेल! म्हणून २८ ऑक्टोबर २०१५ ला यान एन्सेलॅडसपासून ४९ किलोमीटरवरून गेलं तेव्हा दोन काळज्या घेतल्या गेल्या. वेग कमी होता, सेकंदाला साडेआठ किलोमीटर. आणि वायू भिंतीला न शिवता सरळ आत जाईल असा यंत्राचा दुसरा, उघडा मार्ग वापरला. तरीही हायड्रोजन दिसला. यंत्राचा स्वतःचा वाटा वजा करून एप्रिल २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: फवाऱ्यात ०.४ ते १.४ टक्के हायड्रोजन आहे. पहिल्याच वेळी डंका पिटला असता तर या आकड्यावर आज कोणी विश्वास ठेवला नसता.

आता कोणी म्हणेल, मग कोणत्याच मापावर विश्वास ठेवायचा नाही का? हा युक्तिवाद आळशी आहे. मीटर चुकीचा निघाला म्हणून आमची तिरकी नजर सरळ होत नाही. सगळंच खोटं म्हणणारा आणि छापलेलं सगळंच खरं म्हणणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट टाळतात.

म्हणून तरुण मित्रांनो, कोणतंही माप तुमच्यासमोर ठेवलं, मग ते प्रयोगशाळेतलं असो की तुमचीच किंमत ठरवणारं, तर तीन प्रश्न विचारा. हे कशाशी ताडून पाहिलंय? काटा रिकामा असताना काय दाखवतो? आणि शेवटचा कधी तपासला होता? हेच तीन प्रश्न स्वतःच्या मतांनाही विचारा. आम्हाला ते दुसऱ्याच्या मीटरला विचारताना आनंद झाला होता, स्वतःच्या नजरेला विचारताना जड गेलं. पण दुसरी तपासणी केली नसती तर पहिलीचा हक्क आम्हाला उरला नसता.

आमचे मार्क वाढले नाहीत. सरांना मल्टिमीटरचं रीडिंग दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आता वर्ष संपलं." आम्ही एका चिठ्ठीवर लिहिलं: 'या सेटचा व्होल्टमीटर २०० ला २४० दाखवतो. त्रिज्या वाचताना नजर सरळ ठेवा.' ती चिठ्ठी पुढच्या बॅचच्या मुलांच्या हातात दिली. पहिल्या ओळीत मीटरची चूक होती, दुसरीत आमची. दोन्ही ओळी लिहिल्या होत्या याचं समाधान आजही आहे.