ॲक्रनला, मीटिंगच्या शोधात

ॲक्रन म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना आठवतात ते टायर. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळे इथलेच. आमच्यापैकी एकानं तिथल्या युनिव्हर्सिटीत पॉलिमरमध्ये एम.एस. केलं. पुढं नोकरी क्लीव्हलंडच्या बाजूला लागली आणि घरही तिकडंच झालं. भारतातून आई-बाबा आले की त्यांना ॲक्रनला स्टॅन हायवेट हॉलची बाग दाखवायची, हा ठरलेला कार्यक्रम. गुडइयरच्या सायबरलिंगसाहेबांचा तो वाडा. फाटकाशी एक टुमदार घर आहे, त्याच्यावरून आम्ही निदान पाच-सहा वेळा गेलो असू. तिथं काय घडलं होतं ते मात्र आम्हाला कळलं दारूमुळं.

तर सांगायचं ते असं, की आमच्यापैकी एक जण पीत होता आणि दुसरी ते झाकत होती. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये डिकी उघडून दोन घोट घेणं हा आपल्याकडं विनोदाचा विषय. आम्हीही हसायचो. २०१८ च्या ऑक्टोबरात भर दुपारी मुलीला शाळेतून आणायला गाडी काढली आणि शेजाऱ्यांचा मेलबॉक्स आडवा केला. मुलगी अजून गाडीत बसलेली नव्हती, एवढंच.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची, मीटिंग आमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या चर्चमध्येही भरते. पण तिथं मंडळातलं कुणी दिसलं तर? (ते तिथं कशाला आलेले असतील, हा विचार तेव्हा सुचला नाही.) म्हणून चाळीस मैलांवरचं ॲक्रन.

पहिली मीटिंग निघाली ‘क्लोज्ड’. ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे त्यानंच आत जायचं, घरच्यांनी नाही. एक जण आत, दुसरी नोव्हेंबरच्या थंडीत तासभर गाडीत. दुसरीकडं सगळे साठीपुढचे, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. शेवटी हात धरून ख्रिस्ती प्रार्थना. एए कुठल्याही धर्माची नाही हे आम्ही वाचलं होतं, तरी भलत्याच लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटलं. तिसरी मात्र फार आवडली. मोठा हॉल, शंभरेक माणसं, उत्तम वक्ते, उत्तम केक, आणि कुणी नावही विचारत नव्हतं! तीन आठवडे गेलो नाही, तिन्ही आठवडे घरात बाटली होती, आणि आम्ही आलो नाही हे तिथं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती का आवडली होती ते तेव्हा उमगलं.

चौथी मंगळवारची. तळघरात बारा-पंधरा खुर्च्या, पाणचट कॉफी, शेजारच्या खोलीत त्याच वेळी घरच्यांसाठी अल्-ॲनॉन. फी नाही, टोपली फिरते, वाटलं तर डॉलर टाकायचा. टायरच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या एका आजोबांनी कागदावर फोन नंबर लिहून दिला आणि सांगितलं, “फोन पिण्याआधी करायचा, प्यायल्यावर नाही.” पुढच्या मंगळवारी बर्फामुळं गेलो नाही, तर रात्री त्यांचाच फोन. अल्-ॲनॉनमध्ये नवख्याला सांगतात की निदान सहा मीटिंगा बघा, मग ठरवा. आम्हाला चार पुरल्या.

आजोबांनीच आम्हाला ८५५ आर्डमोर ॲव्हेन्यूला पाठवलं. युनिव्हर्सिटीपासून गाडीनं दहा मिनिटं! मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्यातला डाव हरून मेफ्लॉवर हॉटेलात एकटा उभा होता. एकीकडं बार, दुसरीकडं टेलिफोन. दारू सुटून काही महिनेच झाले होते. त्यानं एका पाद्रीबुवांना फोन लावला, आणि कुणाकुणामार्फत निरोप पोचला सायबरलिंगांच्या सूनबाई हेन्रिएटांकडं. त्यांनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी घालून दिली, ती त्या फाटकाजवळच्या घरात. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि काही तास बसले. १० जून ही त्यांच्या शेवटच्या घोटाची तारीख एएचा जन्मदिवस मानतात. आर्डमोरचं घर डॉक्टरांचं. दारात ‘वेलकम होम’ म्हणतात, स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं असतं. आम्ही तिथं बराच वेळ गप्प बसलो.

२०२० मध्ये तळघर बंद झालं, मीटिंगा झूमवर आल्या. तेव्हा महाराष्ट्रातली एक मराठी मीटिंग सापडली. ‘आय ॲम ॲन अल्कोहोलिक’ हे इंग्रजीत शंभरदा म्हणून झालं होतं, अगदी ‘आय ॲम ॲन इंजिनिअर’च्या चालीवर. मराठीत ‘मी दारुडा आहे’ म्हणायची पाळी आली आणि आवाजच फुटेना. पुण्याचं मुक्तांगण आम्हाला १९८६ पासूनच्या त्याच्या लौकिकामुळं ठाऊक होतं, अवचटांची पुस्तकं कपाटात होती. पण ती दुसऱ्यांची गोष्ट म्हणून वाचलेली. त्या दिवशी माईक बंद करून बसलो. चौथ्या खेपेला बोललो.

मंगळवारची मीटिंग अजून चालू आहे. आजोबा आता थकलेत, खुर्च्या आम्हीच मांडतो. नाव छापू नका असं संपादकांना सांगितलं आहे. आमचा फोन नंबर मात्र त्यांच्याकडं आहे. आम्ही सहाला निघतो. गाडीत मागच्या जागा रिकाम्या असतात.