आठ की साठ?

चष्मा लागला की लोक विचारतात, "फ्रेम कुठून घेतलीस?" कानाला मशीन लागलं की आवाज खाली आणून विचारतात, "कधीपासून रे?" ज्याला कमी ऐकू येतं त्याच्याशीच हळू बोलायचं, हे लॉजिक मला काही झेपत नाही. :)

तर मंडळी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे. तूट साधारण ५५ डेसिबल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'कमी ऐकू येणारा' ठरायला दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची तूट लागते, त्याच्या वर गेलात तर कर्णबधिर. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने मी ठणठणीत आणि पनवेल-ठाणे लोकलच्या हिशेबाने बहिरा. त्रिशंकूच म्हणा ना!

बरं, कमी ऐकू येतं म्हणजे सगळंच सारखं कमी येतं असं नाही. माझ्यासारख्यांचे आधी जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. आ, ओ हे स्वर दणकट, ते पोचतात. स, फ, थ वाटेतच गळतात. 'साठ'मधला स गळला की उरतात 'आठ'. नवीन पनवेलच्या बाजारात भाजीवाल्या मावशी साठ म्हणतात आणि मी खुशीत दहाची नोट पुढे करतो!

"मग आवाज वाढवून घे ना." इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा मात्र थेट डोक्यात जातो. म्हणून डिजिटल मशीन हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी. ऑडिओग्राम बघून प्रत्येक पट्टीचं सेटिंग वेगळं करतात. तरी घरी मिक्सर आणि कुकरच्या शिट्टीत आई काय म्हणाली, ते मशीनला वेगळं काढता येत नाही. सिग्नल आणि नॉइज दोन्ही वाढतात. उरलेल्या गाळलेल्या जागा मेंदू भरतो, ओठ बघून, संदर्भ लावून. संध्याकाळपर्यंत तो पार दमलेला असतो.

त्यात पनवेलचा पावसाळा. दमट हवा मशीनची शत्रू, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत झोपतं. सेलचं नखरेल प्रकरण वेगळंच. स्टिकर काढला, हवा लागली, की तो सुरू. परत चिकटवून थांबत नाही.

असो. या सगळ्याची सवय होते. एका वाक्याची मात्र होत नाही. ऑफिसात जेवताना टेबलावर हशा पिकतो, मी विचारतो, "काय झालं?" आणि उत्तर येतं, "जाऊ दे रे, काही विशेष नाही." कामाचं सगळं मेलवर मिळतं हो, पण फालतू जोक कोणी मेल करत नाही. आणि माणसं जोडली जातात ती त्या फालतू जोकवरच.

म्हणून टीमला मी सरळ सांगून टाकलंय: ओरडू नका, तोंडासमोर हात धरू नका, एका वेळी एकानेच बोला. आणि मी दुसऱ्यांदा विचारलं तर तोच जोक परत सांगा. पांचट असला तरी चालेल.