पनवेलची नवी पेठ

पूर्वी पनवेलचा व्यापार खाडीतील गलबतांवर चाले. आता त्याच तालुक्यातील उलव्याहून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली आहेत, आणि पेढ्यांवर भावांबरोबर विमान कंपन्यांच्या पॉइंटांचीही चर्चा होते. हे पॉइंट म्हणजे ठेव नव्हे. त्यांवर व्याज नाही. किती पॉइंटांना आसन मिळेल, हे कंपनीच ठरवते आणि बदलतेही. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, तेव्हा सभासदांचे पॉइंट खात्यात राहिले. जेटची विमाने मात्र उरली नाहीत. विस्ताराचे पॉइंट 2024 मध्ये एअर इंडियाकडे वर्ग झाले, हे सभासदांचे सुदैव. धंद्यासाठी प्रवास होतच असेल तर पॉइंट अवश्य घ्यावेत; त्यांच्यापायी महाग तिकीट घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. ‘मोफत’ तिकिटावरही कर बहुधा भरावाच लागतो. तेव्हा पुरेसे जमताच आसन नोंदवावे.